दुरुस्तीचा अर्धा तास

आम्रपाली चंदनशिवेला नोंदणीच्या रजिस्टरांची किळस यायची. तिनं ती कुणाला बोलून दाखवली नव्हती, कारण दिवसातले आठ तास तिला त्याच रजिस्टरांत डोकं घालून बसावं लागायचं.

उंब्रज सोडून हमरस्त्यावरून आत वळलं की चार मैलांवर कारखाना होता. त्याच्या शेती विभागात ऊस नोंदणीची सत्तावीस रजिस्टरं होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, एकेक अडीच-तीन किलोची. पान उलटताना जिभेला बोट लावायची सवय त्या विभागात सगळ्यांना होती आणि तंबाखू मळायची सवयही सगळ्यांनाच होती. त्यामुळं प्रत्येक पानाचा खालचा कोपरा तपकिरी होऊन ताठरला होता. काही पानं एकमेकांना चिकटली होती. ती सोडवताना वाळलेल्या चुन्याची भुकटी तिच्या मांडीवर पडायची. डबा उघडायच्या आधी ती दोनदा साबणानं हात धुवायची, तरी भाकरीला तो वास लागलाय असं तिला वाटत राहायचं.

पण रजिस्टरांवाचून गत्यंतर नव्हतं. कुणी कुठल्या तारखेला किती रानात उसाची लागण केली, ते त्यांत लिहिलेलं असायचं. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी, असा कारखान्याचा नियम. साधाच नियम, पण त्याच्यावर घरादाराचं वर्ष ठरायचं. तोड वेळेवर आली तर ऊस भरल्या वजनानं जातो आणि रान मोकळं होतं. दोन महिने लांबली की उसाला तुरा फुटतो, कांडी आतून पोकळ पडते, आणि पुढचं पीकही हातचं जातं.

१९९६ सालच्या मे महिन्यात कार्यकारी संचालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना सगळे एमडीसाहेब म्हणायचे. ते म्हणाले, "या हंगामापासून तोडीचा क्रम कॉम्प्युटर काढेल. रजिस्टर बंद. वशिल्याची ओरड एकदाची मिटू दे. कसं करायचं ते तुम्ही ठरवा आणि मला कागदावर द्या."

आम्रपालीला आनंद झाला. ती आटपाडीची. सांगलीत राहून कॉम्प्युटर शिकली आणि तिथल्याच एका कंपनीत तीन वर्षं होती. त्या कंपनीनं मिरजेच्या एका दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी वह्यांतून कॉम्प्युटरवर नेल्या, तेव्हा ती त्या कामावर होती. एका दिवसात जुनं बंद करून नवं चालू करायचं असेल तर डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे ती तिथं शिकली. एकेक पायरी लिहून काढायची. कोण करणार, किती वाजता करणार, ती झाली हे कशावरून कळणार, आणि नाही झाली तर मागं कसं फिरायचं. असं लिहायचं की उद्या आपण आजारी पडलो तरी दुसऱ्या कुणी वही उघडून काम पुरं करावं. त्या वहीला तिथले लोक रनबुक म्हणत.

तिनं जूनमध्ये वही लिहायला घेतली. पुन्हा पुन्हा खोडून, वाढवून शेवटी शेहेचाळीस पायऱ्या झाल्या. दसऱ्याच्या आधीचा रविवार ठरला. सकाळी आठला रजिस्टर बंद करायचं, दुपारी तीनच्या आत कॉम्प्युटरवरची यादी पक्की करून तिला कुलूप घालायचं. तीनपर्यंत जमलं नाही तर सगळं थांबवून या हंगामापुरतं रजिस्टरवर परतायचं. हेही तिनं ठळक लिहिलं होतं.

शेती विभागात तात्याबा नावाचे जुने कारकून होते. अठ्ठावीस वर्षं रजिस्टरं त्यांच्याच ताब्यात. त्यांनी वही हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली.

"हे काय म्हणायचं, बाई? रानबुक?"

"रनबुक, तात्याबा. इंग्रजी शब्द आहे."

"आमच्या लेखी रानबुकच. समद्यांची रानंच हायेत की ह्यात." ते स्वतःशीच हसले आणि पुढचं पान उलटायला त्यांनी बोट जिभेवर नेलं. आम्रपालीनं घाईनं वही काढून घेतली.

रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायला घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला पांढऱ्या शाईचे ठिपके दिसायला लागले. तारखेच्या रकान्यात कागद जाड झालेला, वर पांढरा लेप, आणि त्याच्यावर नवी तारीख. जानेवारीची आदल्या सालची जुलै झालेली, डिसेंबरची ऑगस्ट. एका पानावर तर एकाच जागी तीनदा लेप चढून खपली धरली होती. तिनं नख लावलं तशी ती खपली उचकटून आली.

तिनं तात्याबांना विचारलं.

"आवं बाई, ह्येला दुरुस्ती म्हंत्यात," ते शांतपणानं म्हणाले. "वरनं चिठ्ठी येती. मी शाई लावतो, वाळली की तारीख टाकतो. झालं."

"आणि ज्याची तोड मागं गेली त्याचं काय?"

"त्यो मागं जातो."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

तात्याबांनी खरंच थोडा विचार केला. "पयलं पयलं वाटायचं," ते म्हणाले. "आता न्हाई वाटत."

त्यांच्या आवाजात ना लाज होती ना मुजोरी. आज कुठली भाजी केली ते सांगावं तसं ते बोलले. आम्रपालीला शिसारी आली ती त्याचीच.

तिनं त्या दिवशीच ठरवलं, तारखा रजिस्टरातून घ्यायच्या नाहीत. लागणीच्या वेळी कारखान्याचा चिटबॉय बांधावर जाऊन एक चिठ्ठी फाडायचा. तीवर शेतकऱ्याची सही किंवा अंगठा असायचा. एक प्रत शेतकऱ्याकडं, दुसरी कारखान्यात. ह्या दुसऱ्या प्रती पोत्यांत भरून गोदामात टाकलेल्या होत्या. आठवी पायरी तिनं नव्यानं लिहिली: लागणीची तारीख मूळ चिठ्ठीवरून घेणे.

चौदा पोती निघाली. उंदरांच्या लेंड्या, झुरळांची अंडी, कुजट ओल. ती आणि तिचा ऑपरेटर सयाजी तोंडाला रुमाल बांधून तीन आठवडे त्या चिठ्ठ्या लावत बसले. सयाजी चाळिशीचा, जवळच्याच गावचा. पूर्वी टाइम ऑफिसात टंकलेखक होता. कॉम्प्युटर त्याला आम्रपालीनंच शिकवला. माणूस मेहनती. शब्दाला शब्द न वाढवता काम करणारा. दुपारी दोघं गोदामाच्या पायरीवर डबा खायचे. तो तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून घ्यायचा आणि घरची काकवी तिला द्यायचा. कारखान्यात तिच्या डब्यात हात घालणारा तो एकटाच होता. तिनं ते मनात कुठंतरी नोंदवून ठेवलं होतं.

"मॅडम, हे निघालं तर लय जणांची झोप उडंल," एकदा तो म्हणाला.

"उडू दे."

"व्हय. उडू दे की," तो म्हणाला, आणि चिठ्ठी उजेडात धरून तारीख वाचायला लागला.

सप्टेंबरच्या अखेरीला सहा हजार चारशे बारा नोंदी चढल्या आणि तिनं रंगीत तालीम म्हणून एक यादी काढली. दुसऱ्याच दिवशी सकाळी शेती अधिकारी लालासाहेब कॉम्प्युटरच्या खोलीत आले. दारावर चपला बाहेर काढण्याची पाटी होती. ते बुटांसकट आत आले, यादी चाळली, काही नावांवर बोट थांबवलं, आणि कोपऱ्यातल्या कागदाच्या टोपलीत थुंकून निघून गेले.

टोपली आम्रपालीनंच बाहेर नेऊन ठेवली. शिपायाला सांगायची तिला लाज वाटली, आणि लाज आपल्याला का वाटावी ह्याचा रागही आला.

चार दिवसांनी एमडीसाहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. ती एकेक पायरी वाचून दाखवत होती. अठराव्या पायरीशी, म्हणजे चिठ्ठ्या आणि कॉम्प्युटर यांच्या बेरजा जुळल्या की नाही ते बघण्याशी, ती आली तेव्हा लालासाहेबांनी हात वर केला.

"चंदनशिवेबाई, तुमची वही झकास आहे. पण तिच्यात दुरुस्तीला जागाच नाही."

"कसली दुरुस्ती, साहेब?"

"चिटबॉय काय देव आहेत का? चुका होतात. बेरजा जुळल्या की अर्धा तास द्या, मी यादी देतो, तेवढ्या तारखा बदला आणि मग घाला तुमचं कुलूप."

"चुका असतील तर आजच द्या. चिठ्ठी काढून बघू."

"तसं नसतं हो ते. ऐनवेळी लक्षात येतात." लालासाहेब एमडीसाहेबांकडं बघून हसले. "शिकली ना की तुमच्या लोकांना नियम फार सुचतात. चांगलंच आहे म्हणा. पण कारखाना नुसत्या नियमावर चालत नाही."

तुमच्या लोकांना. तो शब्द त्यांनी इतक्या सहज टाकला की टेबलाभोवती कुणाचा चेहरासुद्धा हलला नाही. आम्रपालीनं एमडीसाहेबांकडं पाहिलं. ते खिडकीतून मळीच्या टाकीकडं बघत होते. टाकी धुवायला काढली होती आणि तिची आंबूस घाण खोलीत भरली होती.

"घाला अर्धा तास," ते म्हणाले. "एवढं काय त्यात."

ती वहीत एकोणिसावी पायरी लिहायला लागली आणि लिहिता लिहिता तिला उमगलं की आपण चार महिने कशासाठी खपलो. रजिस्टरात लबाडी निदान डोळ्यांना दिसायची. खपली दिसायची, खाडाखोड दिसायची, बोट फिरवलं तर लागायची. कॉम्प्युटरच्या छापील यादीत ती धुतल्यासारखी स्वच्छ होऊन निघणार होती. वर म्हणायला मोकळे, आम्ही काही केलं नाही, मशीननं काढलंय. वशिल्याची ओरड अशी मिटणार होती, आणि ती मिटवणारा साबण तिनंच हातात दिला होता.

"साहेब," ती म्हणाली, "बदललेली प्रत्येक तारीख कॉम्प्युटर वेगळी लिहून ठेवतो. जुनी कोणती, नवी कोणती, किती वाजता बदलली, कुणाच्या सांगण्यावरून बदलली. मी प्रोग्रामच तसा केलाय."

तेवढ्यात चहा आला. लालासाहेबांनी बशीत ओतून फुर्रकन ओढला. तिचं बोलणं कुणी ऐकलं असेल असं तिला वाटलं नाही.

रविवारी सकाळी सातलाच ती आली. आठला तात्याबांनी सत्तावीस रजिस्टरांवर शेवटच्या ओळीखाली रेघ मारून सह्या केल्या आणि कपाटाला किल्ली लावली. पहिली पायरी झाली. तिनं वहीत वेळ घातली. साडेनऊला नव्या नोंदी बंद केल्या. दहाला सगळ्या माहितीची प्रत टेपवर घेतली आणि टेप तिजोरीत ठेवली. कारखान्याच्या हद्दीतल्या गावांचे नऊ गट होते, त्यांच्या बेरजा एकेक करून निघत गेल्या. सयाजी आकडे वाचायचा, ती चिठ्ठ्यांच्या बेरजेशी ताडून टिक करायची. नऊच्या नऊ गट जुळले. मिरजेतसुद्धा पहिल्या फेरीत एवढं जुळलं नव्हतं. एक वाजता तिनं अठराव्या पायरीपुढं सही केली आणि क्षणभर तिला वाटलं, कदाचित ते येणारच नाहीत.

दीड वाजता लालासाहेब आले. बुटांसकटच. खिशातून चार कागद काढून त्यांनी टेबलावर टाकले. अक्षर तात्याबांचं होतं, सुबक, ओळीत. दोनशे बारा नावं. नावापुढं गट, गटापुढं नवी तारीख. सगळ्या तारखा पंच्याण्णवच्या जुलैतल्या. संचालकांचे भाऊ, मेव्हणे, व्याही, पंचायत समितीतली माणसं. दुसऱ्या कागदाच्या मध्यावर एक नाव वाचून ती थांबली. पुन्हा वाचलं. सयाजीचा थोरला भाऊ होता.

तिनं सयाजीकडं पाहिलं. तो कीबोर्डवरची धूळ फुंकत होता.

"या तारखा मी घालणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चिठ्ठ्या माझ्याकडं आहेत, साहेब. ह्या चुका नाहीत. ह्या तारखा खोट्या आहेत. एकोणिसाव्या पायरीपुढं माझं नाव आहे, ते मी खोडते. तुम्हाला घालायच्या असतील तर तुम्ही बसा."

लालासाहेबांना कॉम्प्युटर चालू कसा करायचा तेही माहीत नव्हतं. ते चिडले नाहीत. खुर्चीवर टेकले, चुना-तंबाखू काढली, तळव्यावर मळत म्हणाले, "सयाजी, बस रं."

सयाजी उठला. तिच्यासमोरून जाऊन दुसऱ्या टर्मिनलवर बसला. खाली मान घालून त्यानं पहिलं नाव काढलं, तारीख पुसली, नवी घातली. मग दुसरं. त्याची बोटं झरझर चालत होती. त्या बोटांना कुठली कळ कुठं आहे ते तिनंच एकेक करून दाखवलं होतं.

"सयाजी," ती हळू आवाजात म्हणाली.

तो थांबला नाही. "मॅडम, भावाचा ऊस हाय," तो पडद्याकडं बघत म्हणाला. "आन् मी अजून रोजंदारीवर हाय."

"आपण दोघांनी पोत्यांत हात घातलेत."

"व्हय," तो म्हणाला. आणि पुढचं नाव काढलं.

आम्रपाली बाहेर गेली, नळाखाली हात धरले, चूळ भरली. गोदामाच्या पायरीवर ऊन पडलं होतं. तिथं आपण ह्याच माणसाच्या डब्यातली काकवी खाल्ली, आणि त्या वेळीही त्याच्या भावाचं नाव ह्या कागदावर चढायच्या बेतात असेल, ह्या विचारानं तिला आणखी एकदा चूळ भरावीशी वाटली. तात्याबा निदान किळस येईल असे वागत होते. सयाजीची तिला किळस यायला हवी होती हे कळायलाच चार महिने लागले.

ती परत आत आली. अर्ध्या तासाचा तास झाला, मग सव्वा तास. पावणेतीनला सयाजीनं शेवटचं नाव घातलं. बेरजा परत जुळवायला वेळच उरला नव्हता. तीन वाजले तेव्हा ती उभी राहिली.

"साहेब, तीन वाजले. वहीप्रमाणं आता थांबायचं आणि रजिस्टरवर परतायचं. विसाव्या पायरीवर, कुलुपाला, माझी सही लागते. ती मी करणार नाही."

लालासाहेबांनी एमडीसाहेबांना फोन केला. ते बंगल्यावरून जेवून आले, सुपारी चघळत. सगळं ऐकून घेतलं. कागद बघायला मागितले नाहीत.

"आठ दिवसांवर हंगामाचा बॉयलर पेटवायचा कार्यक्रम आहे," ते म्हणाले. "पाहुण्यांना बोलावून ठेवलंय, कॉम्प्युटरची यादी म्हणून पेपरात दिलंय. आता रजिस्टर कसलं काढता?"

"दोनशे बारा तारखा खोट्या आहेत, साहेब. तुम्हीच म्हणाला होता वशिला बंद करायचा म्हणून."

"बंद नाही म्हणालो. ओरड बंद करायची म्हणालो." ते असं म्हणाले आणि तिच्या वहीत, तिच्या नावापुढच्या रकान्यात, त्यांनी स्वतःची सही केली. सयाजीनं यादीला कुलूप घातलं. सुपारीचा एक तुकडा पानावर पडला होता. एमडीसाहेब गेल्यावर तिनं तो कागदाच्या टोकानं उडवला.

बुधवारी नऊही गट ऑफिसांत याद्या लागल्या. गुरुवारी सकाळी शेती विभागाच्या खिडकीशी तीसचाळीस माणसं जमली. शंका विचारायला येणाऱ्यांशी बोलायचं काम वहीतच आम्रपालीच्या नावावर होतं. लालासाहेबांनी आदल्या दिवशी तिला बोलावून सांगितलं होतं, "काही विचारलं की सांगायचं, कॉम्प्युटरनं काढलंय. त्याच्या पुढं एक शब्द नाही."

पहिलाच माणूस नाथाजी म्हणून होता. फौजेतनं सुभेदार होऊन आलेला, पासष्टीचा, ताठ. त्यानं स्वतःची चिठ्ठी खिडकीत ठेवली. घडीवर घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली.

"ताई, माझी लागण नऊ जुलै. बराबर हाय. पन माझ्या बांधाला बांध लागून जे रान हाय, त्येची यादीत दोन जुलै लावलीय. गेल्या सालच्या पावसाळाभर त्या रानात सोयाबीन हुतं. मी सोता बघितलंय. लागण झाली जानेवारीत. मग ही दोन जुलै आली कुठनं? तुमच्या मशीनला चूक घावली न्हाई व्हय?"

तिच्या मागं काचेपलीकडं लालासाहेब बसले होते. शेजारच्या टेबलावर सयाजी होता. तिनं नाथाजीच्या चिठ्ठीकडं पाहिलं. कोपरा न् कोपरा स्वच्छ होता. कुणाच्या थुंकीचा डाग नाही. पंधरा महिने माणसानं एक कागद असा सांभाळला होता.

"मशीनची चूक नाही, सुभेदार," ती म्हणाली. "मशीनला जानेवारीच माहीत होती. रविवारी दुपारी माणसांनी बदलली."

खिडकीपलीकडची माणसं पुढं सरकली.

"कुणी?"

"थांबा, वाचून दाखवते."

ती आत गेली आणि बदललेल्या तारखांची नोंद प्रिंटरवर लावली. प्रिंटरनं करकरत अकरा पानं ओकली. ती पानं घेऊन ती खिडकीत आली आणि नाथाजीच्या शेजाऱ्याची ओळ वाचली. मूळ तारीख सतरा जानेवारी शहाण्णव. नवी तारीख दोन जुलै पंच्याण्णव. बदलली रविवारी दोन वाजून चार मिनिटांनी. शेती अधिकाऱ्यांच्या यादीवरून.

"माझ्या गटातलं वाचा," मागून कुणी म्हणालं. "आमचं बी वाचा, बाई."

मग ती वाचतच राहिली. नाव, मूळ तारीख, नवी तारीख. लालासाहेब एकदा उठून काचेपाशी आले, बाहेरची गर्दी बघितली आणि परत बसले. चौथ्या पानावर सयाजीच्या भावाचं नाव आलं. तिनं ते वाचलं. इतर नावांपेक्षा जरा मोठ्यानं वाचलं, जरा सावकाश. शेजारच्या टेबलावर सयाजीचं पेन थांबल्याचं तिला न बघताही कळलं, आणि त्यात आपल्याला गोडी वाटली हेही कळलं. त्या गोडीचीही तिला घाण वाटली. पण ती थांबली नाही. दोनशे बाराही नावं वाचून झाली तेव्हा दुपारचा भोंगा वाजत होता.

नाथाजीनं चिठ्ठी परत पिशवीत घातली. "लिवून द्याल का हे?" त्यानं विचारलं.

तिनं अकराही पानं खिडकीतून बाहेर दिली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बॉयलरच्या कार्यक्रमात पाहुण्यांसमोर शंभरएक शेतकरी ती पानं घेऊन बसून राहिले. संचालक मंडळानं चौकशी समिती नेमली. समितीनं एकशे सदतीस तारखा पुन्हा मूळच्या केल्या. बाकीच्या पंच्याहत्तर 'प्रत्यक्ष पाहणीत योग्य आढळल्या'. त्या कुणाच्या होत्या ते सांगायची गरज नव्हती. लालासाहेब पंधरा दिवस रजेवर गेले आणि नव्या खुर्चीवर येऊन बसले. नाथाजीचा ऊस फेब्रुवारीऐवजी डिसेंबरात तुटला. आम्रपालीची बदली भांडारात झाली. तिथं बारदानाच्या गठ्ठ्यांपलीकडं काम नव्हतं. कॉम्प्युटर विभाग सयाजीकडं गेला आणि त्याला कायम केलं.

तात्याबा एकदा भांडारात आले. उगाच इकडंतिकडं करून म्हणाले, "बाई, त्या यादीतलं अक्षर माझं हुतं, हे तुमी समितीला बोलला न्हाई."

"कुणी विचारलं नाही."

"तरी बी. बरं झालं," ते म्हणाले आणि कृतज्ञतेनं हसले. ते हसू तिला नको होतं. तिनं मान फिरवून गठ्ठे बघायला सुरुवात केली.

मार्चमध्ये तिला सांगलीच्या जुन्या कंपनीतून बोलावणं आलं. तिनं राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी कळलं की चार वाजता निरोपाचा कार्यक्रम ठेवलाय आणि शाल-नारळ लालासाहेबांच्या हस्ते आहे. फळ्यावर तसं लिहिलं होतं, 'कारखान्याच्या संगणकीकरणात मोलाचा वाटा' वगैरे. तिनं ते उभ्यानं वाचलं आणि पिशवी उचलून दोनच्या गाडीसाठी फाट्यावर येऊन थांबली.

थोड्या वेळानं सयाजी सायकलवरून आला. सायकल झाडाला टेकवून तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला. इस्तरीचा शर्ट, खिशाला नवं पेन.

"मॅडम, चारला समदे वाट बघतील," तो म्हणाला.

ती रस्त्याकडं बघत राहिली.

"भावाची तारीख मागं घेतली समितीनं. त्येचा ऊस अजून उभा हाय. तुरा आलाय." त्यानं खिशातलं पेन सारखं केलं. "माझ्यासंगं बोलत न्हाई त्यो."

तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं की बरं वाटेल. वाटलं नाही. कीवही आली नाही. एखाद्याच्या उष्ट्या ताटाकडं बघावं आणि नजर काढून घ्यावी, तेवढंच.

सांगलीची गाडी धुरळा उडवत आली. सयाजीनं तिची पिशवी उचलायला हात पुढं केला.

"राहू दे," ती म्हणाली. पिशवी तिनं स्वतःच उचलली, गाडीत चढली आणि पलीकडच्या बाजूची खिडकी धरून बसली.